बुधवारची सही

"खरं सांगू?" असं मेस्त्रीनं म्हटलं की समोरच्या माणसाला एकदम कुठंतरी जायचं आठवायचं. कुणाचं दूध उतू जायला लागायचं, कुणाची बस चुकायला लागायची. कारण हा प्रश्न विचारून मेस्त्री उत्तरासाठी थांबत नसे. सांगून मोकळा होई.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो एकोणतीस वर्षं होता. तेवढ्या वर्षांत बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव मागं पडलं आणि लोकांनी त्याचं बारसं पुन्हा केलं, 'खरंसांगू'. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश संपला की बाकीची मंडळी "फार आशीर्वाद मिळाला" म्हणत हात मिळवायची. हा म्हणायचा, "खरं सांगू? चोपन्न मिनिटं झाली, आणि हरवलेलं मेंढरू तीन वेळा सापडलं." मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सगळ्यांसाठी मोठ्या हौशीनं केक करून आणला, तर यानं पहिल्या घासालाच जाहीर केलं, "बाई, कोरडा झालाय." बाईंचं तोंड एवढंसं झालं. बायकोनं तर आरशासमोर उभं राहून "कशी दिसते?" हे लग्नाच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा विचारलं होतं, ते शेवटचं.

आपल्यामुळे लोकांना लागतं, हे मेस्त्रीला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण प्रभूनं सांगितलंय ना, होय तर होय म्हणा, नाही तर नाही म्हणा; मग मध्ये गोडवा कालवणारे आपण कोण? शिवाय खरं बोलून दुसऱ्याला लागतं तेव्हा आपल्याला थोडं बरं वाटतं. हे शेवटचं मात्र तो कुणाला सांगत नसे. स्वतःलासुद्धा.

पण कामात माणूस बावनकशी हो! तिथं नाव ठेवायला जागा नाही. प्रत्येक लिफ्टमध्ये एक कार्ड टांगलेलं असतं. त्यावर सात चौकोन: दारं, कुलपं, बटणं, दोर, खालचा खड्डा, मोटर, ब्रेक. महिन्यातून एकदा सगळं तपासायचं, चौकोनात बरोबरच्या खुणा करायच्या आणि खाली सही ठोकायची. कंपनीतले बाकीचे कारागीर कार्डं काढून आणून हे काम कँटीनमध्ये बसून उरकत. त्यांत मेस्त्रीचा सख्खा मेहुणा पुढं. "दहा कार्डं, एक चहा, सकाळ संपली," असं तो अभिमानानं सांगायचा. "भावोजी, लिफ्टला काय कळतंय आपण वर गेलो की नाही?"

मेस्त्री वर जायचा. खड्ड्यात उतरायचा, मग सगळे जिने चढायचा, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत लोखंडी शिडीनं पोचायचा. ब्रेकचं झाकण उघडायचा, आतली पट्टी किती झिजली ते बघायचा आणि झाकण लावण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूला पिवळ्या पेन्सिलीनं तारीख टाकायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. तारखांची ती रांग कुणी बघणारही नव्हतं, कारण वर दुसरं कुणी फिरकतच नव्हतं. "वरचा बघतो," एवढंच तो म्हणायचा.

मालकाला हा माणूस गिळवतही नव्हता आणि ओकवतही नव्हता. कामाला उशीर लावतो म्हणून दिवसातून दोनदा कपाळाला हात लावायचा. पण नवं गिऱ्हाईक आलं की त्याच हातानं मेस्त्रीच्या खांद्यावर थाप. "आमच्याकडे हा एक माणूस आहे, याला खोटं बोलताच येत नाही. जन्मतः दोष आहे त्याच्यात." मग गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि मालक त्याला पुढच्या पंधरा मिनिटांत पंधरा थापा मारायचा. एक खरा माणूस दाराशी उभा केला की आत केवढा खोटेपणा खपतो, ते त्या ऑफिसात शिकावं.

तर त्या बुधवारी पाळकसाहेबांनी मेस्त्रीला साक्ष द्यायला बोलावलं. साक्ष म्हणजे मंडळीसमोर उभं राहून आपल्या जगण्यात देवानं काय केलं ते सांगायचं. विषय ठरला होता, 'खोट्या जगात खरेपणानं चालणे'. मेंढरांचा हिशेब काढणाऱ्या माणसाला पाळकांनी हा विषय द्यावा, यात त्यांचं मन मोठं होतं की सूड होता, देव जाणे. वेळ सहाची. मेस्त्रीनं सकाळीच पांढरा शर्ट घातला होता.

दिवसाची शेवटची लिफ्ट एका पाच मजली जुन्या इमारतीतली. खाली कचेऱ्या, तिसऱ्यावर दाताचा दवाखाना, पाचव्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. त्यांतलं एक केकवाल्या शिक्षिकाबाईंचं. लिफ्ट जाळीच्या दाराची, दार माणसानं ओढून उघडायचं. ते ओढायला मामा होता. मामा कुणाचाच मामा नव्हता, पण सगळी इमारत त्याला मामा म्हणायची. बावीस वर्षं तो लिफ्टमधल्या त्या स्टुलावर बसत होता आणि जिन्याखालच्या खोलीत बायकोला घेऊन राहत होता. नोकरी तिथं खोली. एक गेलं की दुसरं गेलं.

पाच वीस झाले होते. दारं झाली, कुलपं, बटणं झाली, खड्डासुद्धा झाला. राहिली वरची खोली. मेस्त्रीनं जिन्याकडे बघितलं. मग गुडघ्यांकडे, मग शर्टाकडे. वर ग्रीस असतं. मंडळीसमोर काळे डाग घेऊन उभं राहायचं का? आणि गेल्या महिन्यातच तर ब्रेक बघितला होता, पट्टी अजून महिना-दोन महिने सहज गेली असती. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

"मामा, पेन आहे?" त्यानं विचारलं, आणि सातही चौकोनांत खुणा करून सही केली.

उशीर होऊ नये म्हणून हो! खरेपणावर बोलायला उशीर होऊ नये म्हणून!

साक्ष तर अशी रंगली की विचारू नका. "आपली सही म्हणजे देवासमोर दिलेला शब्द," मेस्त्री म्हणाला, आणि पुढच्या बाकावरच्या दोघींनी डोळे पुसले. कँटीनमध्ये बसून सह्या करणाऱ्यांची त्यानं नाव न घेता सालटी काढली. मेहुणा तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसला होता. पाळकसाहेबांनी मिठी मारली. शिक्षिकाबाई, कोरड्या केकच्या धनीण, त्यासुद्धा येऊन म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही लिफ्टमध्ये निर्धास्त पाय टाकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरीकडे लिफ्ट अडकली. तिसऱ्या दिवशी आणखी काही. उद्याचं काम, नेहमीप्रमाणे, उद्यावर राहिलं.

पुढच्या गुरुवारी शिक्षिकाबाई बाजारातून आल्या. मामानं त्यांना पाचव्यावर नेलं, लिफ्ट थांबली, दार उघडलं. बाईंनी पाऊल बाहेर टाकलं आणि तेवढ्यात लिफ्ट सरकन हातभर खाली गेली. बाई तोंडावर आपटल्या. पायाचा घोटा मोडला. आणखी काही झालं नाही, ही देवाची दया. ब्रेकची नाही.

शुक्रवारी सकाळी मालकानं मेस्त्रीला वर पिटाळलं, "तपासणी अधिकारी यायच्या आत पट्टी बदलून टाका." मेस्त्री जिने चढला, शिडी चढला, झाकण उघडलं. पट्टी झिजून कागद झाली होती. बुधवारी बघितली असती तर आंधळ्यालाही दिसली असती. त्यानं नवी बसवली. मग झाकण उलटं केलं. पिवळ्या तारखांची रांग. शेवटची तारीख गेल्या महिन्याची. त्याखाली कोरी जागा.

पेन्सिल कानावर होती. बुधवारची तारीख आधी टाकायची, तिच्याखाली आजची. दोन ओळी. वर कोण होतं बघायला? म्हणजे, वरचा सोडून. मेस्त्री बराच वेळ झाकण मांडीवर घेऊन बसला. मग त्यानं फक्त आजची तारीख टाकली, झाकण लावलं आणि खाली उतरला. उतरताना त्याला चक्क हलकं वाटत होतं. एवढा मोह आला आणि आपण पडलो नाही! चोरानं घरातलं सगळं न्यावं आणि दाराची कडी नेली नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटावी, त्यातली गत.

झिजलेली पट्टी घेऊन तो मालकाकडे गेला. "खरं सांगू?" त्यानं तोंड उघडलं.

"नको!" मालकानं पट्टी हिसकावून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "आज नको, मेस्त्री. कार्डावर तुमची सही आहे, ब्रेक ठीक असं लिहिलंय. तुमची सही म्हणजे विषय संपला. त्या मामानं लिफ्ट थांबायच्या आत दार उघडलं असणार. अहो, तुमच्या सहीनं वाचवलं आपल्याला!"

मेस्त्री बाहेर आला. आपण सांगायला गेलो होतो, त्यानं ऐकलं नाही. आता आणखी काय करायचं?

आणि मग सुरू झाला तो विलक्षण आठवडा. त्या आठवड्यात मेस्त्रीला कुणीही, काहीही विचारलं नाही. विचारील कशाला? जो माणूस खोटं लिहितच नाही, त्याला 'खरंच बघितलं होतं का' असं विचारणं म्हणजे पाळकांना 'देव मानता का' विचारण्यासारखं. इमारतीच्या व्यवस्थापकानं मामाला सांगितलं, चौकशी होईपर्यंत स्टुलावर बसायचं नाही, आणि चौकशी झाली की खोली रिकामी करायची तयारी ठेवा. मेस्त्री एकदा तिथून गेला तर जिन्याखाली मामाची बायको भांडी खोक्यात भरत होती. तो समोरच्या फुटपाथवर गेला.

घरी जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "आता कुणी विचारलं तर मी लपवणार नाही. विचारलं की सांगीन. पण कुणी विचारायला तर पाहिजे ना?"

बायको त्याच्या ताटाकडे बघत होती. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"बाईंचा केक कोरडा होता, ते विचारलं होतं का कुणी तुम्हाला?"

मेस्त्रीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"तीस वर्षं न विचारता सांगताय," ती म्हणाली. "पाळकांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, माझ्या आईला ती अंथरुणाला खिळलेली असताना सांगितलं. आणि आता स्वतःची पाळी आली तर विचारायची वाट बघताय? म्हणे लोकांच्या डोळ्यांतलं कुसळ! भाजी वाढू का?"

त्यानं नको म्हटलं. तो चिडला होता, कारण ती खरं बोलली होती, आणि ते इतकं लागतं हे त्याला या बाजूनं माहीत नव्हतं.

चौकशी पुढच्या गुरुवारी, इमारतीच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात. टेबलामागे तपासणी अधिकारी, त्याच्या एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला व्यवस्थापक. शिक्षिकाबाई प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या, आणि ते स्टूल मामाचं होतं. मामा दाराशी उभा. टेबलावर लिफ्टमधलं कार्ड.

"मेस्त्रींना त्रास द्यायची गरज नाही," अधिकारी म्हणाला. "वीस वर्षं यांची सही बघतोय. या शहरात एकच कार्ड आहे जे मी वाचतो." मालक कौतुकानं हसला. मग अधिकारी मामाकडे वळला. "लिफ्ट थांबायच्या आत दार उघडलंत?"

"नाही, साहेब. थांबली होती. मग खाली गेली."

"ब्रेक चांगला असेल तर खाली जाईल कशी? इथं लिहिलंय ब्रेक ठीक. मेस्त्रींनी खोटं लिहिलं म्हणता?"

मामानं कार्डाकडे बघितलं, मग मेस्त्रीकडे. बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"नाही, नाही," मामा घाईघाईनं म्हणाला. "ते खोटं लिहायचे नाहीत. त्यांनी बघितलं म्हणजे बघितलंच असणार." त्यानं हात एकमेकांवर चोळले. "मग माझंच काहीतरी चुकलं असेल, साहेब. वय झालंय. हात आधीच गेला असेल दाराकडे. लिहा तसं."

अधिकारी लिहू लागला.

मेस्त्रीच्या छातीत काहीतरी खाली गेलं, हातभर. बावीस वर्षं ज्यानं दार नीट उघडलं, तो माणूस आपल्या सहीवर विश्वास ठेवून स्वतःला खोटा ठरवत होता. आयुष्यभर जमवलेली ती खरेपणाची पत, ती तिथं मामाच्या मानेवर बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"खरं सांगू?" मेस्त्री म्हणाला.

"नको!" मालक ओरडला.

"मी वर गेलोच नव्हतो. त्या बुधवारी मी ब्रेक बघितला नाही. न बघता सही केली. मामांचं काही चुकलेलं नाही."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, आणि काय केलं असेल? हसला. मायेनं हसला.

"मेस्त्री, मेस्त्री! कळतं हो मला. गरीब माणूस आहे, खोली जातेय, तुम्हाला बघवत नाही. पण म्हणून तुम्ही खोटं बोलायचं?"

"केवढं मन!" शिक्षिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आयुष्यात पहिलं खोटं, तेही दुसऱ्यासाठी."

"भावनेच्या भरात बोलतोय," मालक म्हणाला. "देवभोळा आहे. लिहू नका ते."

घ्या! तीस वर्षं न विचारता पाजळलेलं खरं लोकांनी निमूट गिळलं, आणि आज हे एकच खरं, जे त्यानं आठ दिवस दाबून ठेवलं होतं, ते कुणाच्या गळी उतरेना. मेस्त्री हात जोडून उभा राहिला. "साहेब, मी खोटा आहे हो. विश्वास ठेवा." मंडळीसमोर दिलेल्या साक्षीपेक्षा ही साक्ष फारच छोटी होती, पण ही खरी मानून रडायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "वर चला."

लिफ्टला सील होतं. पाच मजले आणि वर लोखंडी शिडी, अधिकारी धापा टाकत चढला, प्रत्येक मजल्यावर थांबून खात्याला शिव्या घालत. मागून मामा, किल्ली घेऊन. मालकाला एकाएकी फोन आला, तो खालीच राहिला. मेस्त्रीनं झाकण काढून उलटं धरलं. मामानं बॅटरी धरली. पिवळ्या तारखा, महिन्याला एक, नऊ वर्षांच्या. एकही महिना चुकलेला नाही. शेवटून दुसरी गेल्या महिन्याची. शेवटची, अपघातानंतरच्या शुक्रवारची. बुधवार कुठंच नव्हता.

अधिकाऱ्यानं कार्ड झाकणाजवळ धरलं आणि दोन्ही पुन्हा पुन्हा वाचली. हसू मावळलं.

"एवढी एक तारीख नंतर टाकली असतीत," तो म्हणाला, "तर मला कधी कळलं नसतं."

"हो," मेस्त्री म्हणाला.

तिघं खाली उतरू लागले. तिसऱ्या मजल्यावर मामा थांबला. त्याच्या डोळ्यांत आता राग आला होता.

"एवढे पाच मजले चढायला आठ दिवस लागले तुम्हाला?"

मेस्त्रीनं फक्त माफी मागितली. मामानं ती दिली नाही, नाकारलीही नाही. किल्ल्या वाजवत पुढं उतरला.

पुढचं थोडक्यात. मामाची खोली राहिली, त्याच्या बायकोनं खोकी सोडली. मेस्त्रीला मालकानं त्याच संध्याकाळी काढलं. मेस्त्री म्हणजे कंपनीच्या नावाला कलंक, इथं असले प्रकार खपवून घेतले जात नाहीत, असंही त्यानं चौदा कारागिरांना जमवून सांगितलं. चौदाही जणांनी गंभीर चेहरे करून माना डोलावल्या. त्यांतल्या तिघांच्या खिशात त्या दिवशीची सही केलेली कार्डं होती. मेस्त्रीचा भाग मेहुण्याला मिळाला. रविवारी मेस्त्रीनं मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, "मी इथं सहीवर बोलत होतो तेव्हा माझी सही तिकडं खोटं बोलत होती." एवढंच, आणि बसला. पाळकसाहेबांनी मिठी मारली नाही. पण त्या दिवशीचा उपदेश बावीस मिनिटांत संपला, आणि पाळकांचा आवाज दोनदा अडखळला.

महिन्यानं मेस्त्री शिक्षिकाबाईंना भेटायला त्या इमारतीत गेला. बाईंनीच बोलावलं होतं. निरोपात केकचा उल्लेख होता. तो आता सायकली दुरुस्त करायचा आणि बोलायचं बरंच कमी झालं होतं. लिफ्टपाशी मामा स्टुलावर बसला होता. मेस्त्री जिन्याकडे वळला.

"लिफ्ट चालू आहे," मामा म्हणाला.

मेस्त्री थांबला. आत नवं कार्ड टांगलेलं, सात खुणा, खाली मेहुण्याची सही. त्याला राहवलं नाही. "वर गेला होता तो?"

"जाईल नाहीतर काय करील? पेन माझ्याकडं असतं," मामा म्हणाला. "आधी माझ्याबरोबर शिडी चढायची, झाकण उघडून दाखवायचं, आत तारीख टाकायची. मग पेन. गेल्या वेळी रडला तो. म्हणाला, मामा, माझं वजन बघा. मी म्हटलं, चढ."

मेस्त्रीला हसू आलं, पण मामा हसत नव्हता. त्यानं जाळीचं दार ओढून उघडं धरलं.

"भीती वाटते का?" मामानं विचारलं.

जिन्यातल्या त्या प्रश्नानंतर त्याला सरळ विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. मेस्त्रीनं वर बघितलं, काळोखात वर गेलेले दोर बघितले.

"वाटते," तो म्हणाला, आणि आत जाऊन मामाशेजारी उभा राहिला.